वीस मिनिटांचा तह

आमच्या हॉस्टेलमध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळताना एक नियम होता, ‘नो रश ट्वेंटी’. पहिली वीस मिनिटं कुणी कुणावर चाल करायची नाही. शेतं लावा, लाकूड तोडा, सोनं खणा, भिंती बांधा, पण दुसऱ्याच्या हद्दीत एकही घोडेस्वार दिसता कामा नये. नियम मोडणाऱ्याला मेसमध्ये शिव्या खाव्या लागत आणि पुढच्या गेमला त्याला लॅनची वायर मिळत नसे.

गंमत अशी की वीस मिनिटं संपली तरी कुणी हलत नसे. पंचविसाव्या मिनिटाला कुणीतरी इम्पीरियलमध्ये जाई, पस्तिसाव्याला पॅलाडिन येत, चाळिसाव्याला शेवटचं चिलखत. ब्लॅकस्मिथमधलं प्रत्येक बटण दाबून झालं, युनिव्हर्सिटी रिकामी झाली, मग कुठे रात्री दोनला लढाई. ती दहा मिनिटांत आटपे. जिंकणारा चॅटमध्ये ११ दाबून तो ठरलेला हसण्याचा आवाज वाजवी आणि आम्ही झोपायला जात असू. सकाळी आठला इंजिनिअरिंग ड्रॉइंग.

२०१५ ते २०१९ अशी चार वर्षं मी हा नियम निष्ठेने पाळला. आता तो नियम चूक होता असं माझं म्हणणं आहे. नुसता चूक नाही, त्याने आम्हाला ‘तयारी’ या शब्दाचा उलटा अर्थ शिकवला, आणि तो अर्थ घेऊन आम्ही सगळे नोकरीला लागलो. आमच्या ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा टोरांटोहून एकाने विचारलं, “भावा, गेम आहे. एवढं काय?” एवढं काय, ते सांगण्यासाठी हा लेख.

खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात

हा गेम १९९९ सालचा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची नवी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली आणि लॉकडाऊनमध्ये आमचा विखुरलेला ग्रुप त्यावर पुन्हा जमला. सुरुवातीला तुमच्याकडे एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार असतो. गावकरी फूड, वुड, गोल्ड आणि दगड गोळा करतात. त्यातून इमारती, त्यातून सैनिक. डार्क, फ्यूडल, कॅसल आणि इम्पीरियल अशी चार युगं. एकूण माणसांची मर्यादा सहसा २००.

सैन्य बळकट करायचे दोन मार्ग आहेत. एक, आणखी सैनिक काढणं. दोन, असलेल्या सैनिकांची हत्यारं आणि चिलखतं सुधारणं, म्हणजे अपग्रेड. अपग्रेड एकदाच विकत घ्यायचा, मग तो आत्ताच्या आणि पुढच्या सगळ्या सैनिकांना लागू होतो. दोन्हीला पैसा त्याच तिजोरीतून जातो. तेव्हा सैनिक कधी आणि अपग्रेड कधी, हाच या खेळातला सगळ्यात खरा प्रश्न आहे.

आमच्या हॉस्टेलचं उत्तर होतं, ‘आधी सगळे अपग्रेड, मग लढाई.’ यूट्यूबवर शिकलेल्या पोरांचं उत्तर असतं, ‘अमुक मिनिटाला अमुक अपग्रेड, व्हिडिओत सांगितलंय.’ पहिलं उत्तर भित्रं आहे आणि दुसरं पाठांतर आहे. दोघांनाही टाळायची असते ती एकच गोष्ट, मोजणं.

तर मोजूया

सगळ्यात साधा तिरंदाज घ्या, आर्चर. किंमत २५ वुड आणि ४५ गोल्ड, म्हणजे ७०. जीव ३०, हल्ला ४. समोरही तसाच आर्चर असेल तर तो ८ बाणांत मरतो. आता ‘फ्लेचिंग’ घ्या. १०० फूड आणि ५० गोल्ड. हल्ला ४ चा ५ होतो आणि पल्ला एका घराने वाढतो. समोरचा आता ६ बाणांत मरतो. आठाचे सहा.

फ्लेचिंगची किंमत १५०, म्हणजे दोन आर्चरांहून थोडी जास्त. तुमच्याकडे तीनच आर्चर असतील तर फ्लेचिंग घेणं वेडेपणा आहे. त्याच पैशात तिनाचे पाच झाले असते. तुमच्याकडे वीस असतील तर फ्लेचिंग न घेणं वेडेपणा आहे. विसाचे बावीस करून काय मिळणार? या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक आकडा आहे जिथे पारडं फिरतं. तो आकडा शोधायचा. बस, एवढंच म्हणणं आहे माझं. पण एवढंच म्हटल्यावर ग्रुपमध्ये जे घडलं ते पुढे येईलच.

आकडा शोधायला एक जुनं हत्यार आहे. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, मोटारी बनवणारा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने विमानांच्या लढाईवर विचार करताना एक नियम मांडला; १९१६ च्या ‘एअरक्राफ्ट इन वॉरफेअर’ या पुस्तकात तो आहे. लांबून, नेम धरून मारा करणाऱ्या दोन फौजांमध्ये फौजेचं बळ हे सैनिकांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत असतं, आणि प्रत्येक सैनिकाच्या गुणवत्तेच्या मात्र सरळ पटीत. म्हणजे संख्या दुप्पट केली तर बळ चौपट, गुणवत्ता दुप्पट केली तर बळ दुप्पटच. कारण साधं आहे. जास्त माणसं म्हणजे जास्त बाण, आणि शिवाय समोरच्याचे बाण वाटून घ्यायला जास्त अंगं.

आता आमच्या हॉस्टेलचा लाडका संच घेऊ. फ्लेचिंग, क्रॉसबोमन, बॉडकिन ॲरो, आणि तिरंदाजांची पहिली दोन चिलखतं. यांचे एकूण साधारण १०५० लागतात, म्हणजे १५ आर्चरांची किंमत. हा संच घेतलेल्या क्रॉसबोमनचा हल्ला ७, जीव ३५, बाणाविरुद्धचं चिलखत २. साध्या आर्चरला तो ५ बाणांत मारतो. साध्या आर्चरचे त्याला फक्त २ लागतात, म्हणून आर्चरला १८ बाण खर्चावे लागतात. १८ भागिले ५, म्हणजे एकाला एक धरलं तर हा गडी ३.६ पट भारी.

३.६ पट ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. आता वर्ग करा.

तुमच्याकडे ६ आहेत आणि तुम्ही हा संच घेतला. बळ ६ चा वर्ग गुणिले ३.६, साधारण १३०. मी अपग्रेड न घेता त्याच पैशात १५ आर्चर काढले, माझे झाले २१. बळ २१ चा वर्ग, ४४१. तुमचे सहाही सुंदर, चकचकीत क्रॉसबोमन मेले, आणि माझं फारसं काही बिघडलं नाही.

आता तुमच्याकडे २० आहेत. २० चा वर्ग ४००, गुणिले ३.६, १४४०. माझे ३५, वर्ग १२२५. आता तुम्ही जिंकलात. शिवाय तुमचा पल्ला ७ घरांचा, माझा ४ घरांचा, म्हणजे खऱ्या मैदानात तुम्ही आरामात जिंकलात.

संच तोच, किंमत तीच, खेळाडू तेच. फिरणारा आकडा सतराच्या आसपास येतो. सतराच्या आत हा संच मूर्खपणा आणि सतराच्या पुढे तो न घेणं मूर्खपणा. कोणत्या मिनिटाला घ्यायचा, हा प्रश्नच चुकीचा आहे. घड्याळाकडे बघू नका, माणसं मोजा.

‘पण हे फक्त कागदावर’

हो, आणि कागदावर काय काय सुटतं तेही सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

एक, पल्ल्याचा हिशेब यात नाही. तो धरला तर सतराचा आकडा बराच खाली येतो. दोन, फूड आणि गोल्ड एकाच मोलाचे धरलेत, ते तसे नसतात. फ्लेचिंगचे १०० फूड आर्चरच्या कामाचेच नाहीत, आर्चरला फूड लागत नाही. ते फूड गावकऱ्यांच्या तोंडातून काढलेलं असतं, किंवा कॅसल युगात जायला लागणाऱ्या ८०० फूडमधून. नुसतं गोल्ड बघितलं तर फ्लेचिंग म्हणजे एक आर्चर आणि वर थोडं. म्हणून चांगले खेळाडू पाच-सहा आर्चरांवरच फ्लेचिंग घेताना दिसतात. हेही मोजणंच आहे, फक्त जास्त बारीक. तीन, आर्चर निघायला ३५ सेकंद लागतात. पैसा साठून पडलाय आणि आर्चरी रेंज एकच आहे, तर जास्तीचे १५ आर्चर काढणार कुठून? तेव्हा एकतर १७५ वुडची दुसरी रेंज बांधा, नाहीतर अपग्रेड घ्या.

आणि चार, वर्गाचा नियम मोकळ्या मैदानात चालतो. ‘ब्लॅक फॉरेस्ट’सारख्या नकाशात, जिथे दोन राज्यांच्या मध्ये दाट जंगल आणि त्यातून एखादीच चिंचोळी वाट, तिथे ३५ माणसं एका वेळी लढूच शकत नाहीत. पुढचे सहा लढतात, बाकीचे मागे उभे. तिथे गुणवत्तेचं मोल वाढतं. आमचं हॉस्टेल सदा ब्लॅक फॉरेस्टच खेळायचं, तेव्हा मित्रांनो, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर होतं हे मान्य. पण नकाशा ब्लॅक फॉरेस्टच का असायचा? कारण तिथे कुणी लवकर पोचू शकत नाही. आधी लढाई टाळणारा नकाशा निवडला आणि मग त्या नकाशावर आपली सवय बरोबर ठरली. याला पुरावा म्हणत नाहीत.

एका अंकाची किंमत

या खेळात चिलखत वजाबाकीने चालतं, आणि पाठांतरवाल्यांचा घात इथे होतो. हल्ल्यातून चिलखत वजा करा, उरेल तेवढी इजा. म्हणून ‘हल्ला अधिक एक’ हे वाक्य एकटं निरर्थक आहे. कुणाविरुद्ध अधिक एक?

नाइटचा जीव १०० आणि बाणाविरुद्धचं चिलखत २. फ्लेचिंगवाल्या आर्चरचा हल्ला ५, म्हणजे प्रत्येक बाणाला इजा ३. नाइट मरायला ३४ बाण. क्रॉसबो आणि बॉडकिन घेतले की हल्ला ७, इजा ५, बाण २०. हल्ल्यात दोनच अंक वाढले, पण मारा दीडपटीहून जास्त झाला. आता समोरच्याने घोड्यांचं पहिलं चिलखत घेतलं, फक्त १५० फूड. तुमची इजा ५ ची ४ झाली, बाण २० चे २५. तुम्ही बॉडकिनला घातलेले २०० फूड आणि १०० गोल्ड त्याने १५० फूडमध्ये परतवले.

‘स्टारक्राफ्ट’ खेळणाऱ्यांना हे पाठच असतं. झीलट एका वारात दोनदा ८ मारतो, झर्गलिंगचा जीव ३५. तीन वार लागतात. हल्ल्याचा पहिला अपग्रेड घेतला की ९ आणि ९, दोन वारांत ३६, झर्गलिंग मेला. तिनाचे दोन. पण झर्गने चिलखताचा पहिला अपग्रेड घेतला की पुन्हा ८, पुन्हा तीन वार. एका अंकाने सगळं फिरतं, किंवा काहीच फिरत नाही.

याचा अर्थ काय? समोरचा काय करतोय हे बघितल्याशिवाय अपग्रेडची किंमत ठरतच नाही. सुरुवातीला जो घोडेस्वार फुकट मिळतो तो याचसाठी. आमच्या तहात तो घोडेस्वार टाउन सेंटरजवळ उभा राहून पेंड खात असे. दुसऱ्याच्या हद्दीत जायचंच नाही, मग बघणार काय? आम्ही चाळीस मिनिटं आंधळेपणाने चिलखतं शिवायचो. समोर कोण येणार हे माहीत नसताना सगळ्यांविरुद्धची चिलखतं शिवायची, याला आम्ही तयारी म्हणत होतो.

दर सेकंदाला काम

ग्रुपमधला नागपूरचा एक जण हुशार आहे. तो म्हणाला, “तुझं सैन्याचं ठीक आहे रे. पण अपग्रेड लवकर घेतला तर फायदा जास्त काळ मिळतो ना? व्याजासारखं.”

व्याजाची उपमा अर्थव्यवस्थेच्या अपग्रेडला लागू आहे. ‘डबल-बिट ॲक्स’ घेतली की लाकूडतोडे सुमारे वीस टक्के वेगाने तोडतात, आणि ते दर सेकंदाला तोडत असतात. दहा लाकूडतोडे असतील तर घेतल्या क्षणापासून वसुली सुरू. तो अपग्रेड लवकरच घ्यावा.

फ्लेचिंग मात्र बाण हवेत असतानाच काम करतं. रेंजबाहेर रांगेत उभ्या असलेल्या आर्चरला फ्लेचिंग असलं काय, नसलं काय. लढाई दहा मिनिटांनी होणार असेल तर आज घेतलेला बॉडकिन दहा मिनिटं झोपून राहणार, आणि ते ३०० त्या दहा मिनिटांत सहा गावकरी झाले असते. सहा गावकऱ्यांनी दहा मिनिटांत काय आणलं असतं त्याचा हिशेब नागपूरकराने स्वतः करावा.

म्हणून माझा नियम असा, आणि हवं तर भिंतीवर लिहून ठेवा. अर्थव्यवस्थेचा अपग्रेड परवडला की लगेच. सैन्याचा अपग्रेड, सैन्य घरातून निघताना. संशोधनाला अर्धं मिनिट, सैन्याला नकाशा ओलांडायला मिनिटभर तरी. पहिला बाण सुटायच्या आत हत्यार धारदार झालेलं असतं आणि एक पैसा एक सेकंदही उगाच पडून राहिलेला नसतो. निघायचंच नसेल तर घेऊ नका. निघायचं असेल आणि माणसं पुरेशी असतील तर ‘थोडं थांबू’ म्हणू नका.

आता पॅलाडिनचा हिशेब. कॅव्हेलियरचे ३०० फूड, ३०० गोल्ड. त्यावर पॅलाडिनचे १३०० फूड, ७५० गोल्ड. बेरीज २६५०. एक नाइट १३५ चा. म्हणजे जवळजवळ वीस नाइट. पुढच्याचं राज्य अजून अर्धं बांधून होतंय, त्याच्या शेतांवर वीस नाइट सोडले असते तर गेम पंचविसाव्या मिनिटाला संपला असता. त्याऐवजी आम्ही त्यालाही पॅलाडिन काढायला वेळ दिला, आणि मग समसमान पॅलाडिन समसमान पॅलाडिनवर घातले. तहात दोघांची तयारी सारखीच वाढते, आणि मग तिचा उपयोग शून्य होतो.

पानिपत आणलंच, तर

मराठी ग्रुपमध्ये सैन्याची चर्चा सुरू झाली की सातव्या मेसेजला पानिपत येतं. आलंच. “इब्राहिमखान गारदी म्हणजे अपग्रेडच की. तोफा होत्या, कवायती पायदळ होतं, तरी हरलो. म्हणजे अपग्रेडवर विश्वास ठेवू नये, गनिमी कावा बरा.” दुसऱ्याचं म्हणणं उलटं, “अपग्रेड पुरेसे नव्हते म्हणून हरलो.”

मला इतिहासाला गेममध्ये ओढायचं नाही. पण ओढलाच आहे तर दोघांनाही एकच आठवण करून देतो. १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य लढायला निघालं ते उपाशी होतं. रसद तुटलेली होती. गारद्यांच्या तोफा त्या दिवशीही चांगल्याच चालल्या. तोफांच्या मागे शेतं उरली नव्हती. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइनकडून कवायती पलटणी उभारल्या, त्या आधी दोनच होत्या. लढायांमधून त्यांची उपयुक्तता दिसली तशा त्या वाढवल्या, आणि त्यांच्या पगारासाठी दोआबातला मुलूख तोडून दिला. आधी थोडं, मग कसोटी, मग उत्पन्नाची सोय, मग वाढ. अपग्रेड घ्यायचा की नाही हा वाद पेशवाईपासून चालू आहे. कधी आणि कशाच्या जिवावर, हे विचारणारे तेव्हाही कमी होते.

दवाखान्याची यादी

आता टोरांटोवाल्याचा प्रश्न. एवढं काय?

२०२२ मध्ये मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. अकरा इंजिनिअर. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर. आमच्याकडे १४ दवाखाने होते. चौदा. एका दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या ताई दर आठवड्याला फोन करून एकच गोष्ट मागायच्या. उद्याच्या पेशंटची यादी एका पानावर प्रिंट होऊन मिळावी, मोठ्या अक्षरात, कारण डॉक्टरांना स्क्रीनवर दिसत नाही. दोन दिवसांचं काम.

ते आम्ही केलं नाही. कारण आम्ही त्या वेळी एक सरळ, चालणारा प्रोग्राम फोडून त्याच्या एकोणीस सर्व्हिसेस करत होतो. उद्या दहा लाख पेशंट आले तर? सर्व्हर दोन शहरांत हवेत, एक पडला तर दुसरा उभा राहायला हवा. सात महिने गेले. जे बांधलं ते खरंच सुंदर होतं. आमचं पॅलाडिन होतं ते.

ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं त्यात एक जण म्हणाली होती, आधी पन्नास दवाखाने तरी होऊ देत. तिला खोडून काढणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. मी म्हणालो, नंतर करायला वेळ मिळणार नाही, आत्ताच सगळं नीट करून घेऊ. ‘नो रश’. मी अक्षरशः हे दोन शब्द वापरले आणि लोक हसले. २०२३ मध्ये पैसे संपले, कंपनी बंद झाली. तोवर १४ पैकी ५ दवाखाने आधीच सोडून गेले होते. त्यात ताईंचाही होता. शेवटच्या फोनवर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अहो, तुम्ही पोरं हुशार आहात, पण आमचं छोटंसं काम तुम्हाला कधी दिसलंच नाही.”

पैसे फक्त अपग्रेडमुळे संपले असं मी म्हणत नाही, इतरही कारणं होती. पण सात महिने आणि अकरा माणसं कुठे गेली हे मला माहीत आहे, कारण मीच ती घालवायला हात वर केला होता. आम्हाला दहा लाख पेशंटांची काळजी नव्हती. आम्हाला पंधराव्या दवाखान्याच्या दारात जाऊन ‘आमचं सॉफ्टवेअर घेता का’ विचारण्याची भीती वाटत होती. तिथे नकार मिळतो. सर्व्हिसेस फोडताना नकार मिळत नाही. ब्लॅकस्मिथमधलं बटण कधी तुमच्या तोंडावर दार लावत नाही.

उत्तरं

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा तीन उत्तरं आली.

पहिलं, “ऑफिसचा राग गेमवर काढतोयस.” उलट आहे. ऑफिसमध्ये काय झालं ते मला कंपनी बंद झाल्यावर चार महिन्यांनी कळलं, आणि ते ‘अरेबिया’ नकाशावर खेळताना कळलं. तिथे तह नसतो. अकराव्या मिनिटाला माझ्या लाकूडतोड्यांवर सात आर्चर आले. माझा ब्लॅकस्मिथ उभा होता, तिजोरीत अपग्रेडचे पैसे होते आणि सैनिक दोन होते. त्या दोघांना फ्लेचिंग घेऊन दिलं मी. खरंच दिलं. आणि ते बटण दाबताना हात ओळखीचा वाटला.

दुसरं उत्तर, “मग काय, अपग्रेड घ्यायचेच नाहीत?” हे ज्याने विचारलं त्याने वरचा सतराचा हिशेब वाचलेला नाही. नुसते सैनिक काढत राहणारेही तितकेच हरतात. ३० साधे आर्चर घेऊन मी एकदा त्या पूर्ण संचवाल्या २० क्रॉसबोंवर गेलो होतो. ९०० विरुद्ध १४४०. माणसं मोजली होती, वर्ग करायचा राहिला होता. कधीच न सुधारणं हाही न मोजण्याचाच प्रकार आहे, फक्त तो शूर दिसतो म्हणून त्याला कमी शिव्या पडतात.

तिसरं उत्तर माझ्या जुन्या रूममेटचं होतं, आणि ते मला खरं लागलं. तो म्हणाला, “आम्हाला जिंकायचं नव्हतं रे. चाळीस मिनिटं शेजारी बसून आपापलं गाव सजवायचं होतं. ती मजा होती. तू तीही काढून घेतोयस.”

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गाव सजवण्यात मजा आहे, मलाही येते. ती मजा आहे असं म्हणून खेळलं तर माझी तक्रार शून्य. पण आपण तसं म्हणत नव्हतो. आपण रश करणाऱ्याला ‘चीप’ म्हणत होतो, ‘स्ट्रॅटेजी येत नाही’ म्हणत होतो. पहिल्या वर्षाला लातूरचा एक पोरगा आला होता, त्याने सतराव्या मिनिटाला आपल्या तिघांना झोपवलं आणि आपण त्याला पुन्हा कधी खेळायला घेतलं नाही. आपल्या सगळ्यांत मोजता येणारा तो एकटा होता. त्याला आपण वायर दिली नाही.

त्याचा नंबर मी शोधून काढलाय. तो हैदराबादला असतो. शनिवारी रात्री साडेनऊला लॉबी उघडतो. नकाशा अरेबिया, तह नाही. ज्यांना गाव सजवायचंय त्यांच्यासाठी रविवारी ब्लॅक फॉरेस्ट आहेच, त्यालाही मी येईन. पण शनिवारी ब्लॅकस्मिथवर क्लिक करायच्या आधी प्रत्येकाने व्हॉइसवर आपल्या सैनिकांचा आकडा मोठ्याने सांगायचा. एवढा एकच नियम.